मोकळी पानं

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी दुसऱ्यांचे पासपोर्ट मोजले.
कोरे. नाव नाही, फोटो नाही,
नंबर ओळीत पडलेत ना, एवढंच बघायचं
आणि गठ्ठा पुढे सारायचा.
सुटी झाली की गेटवर हात वर करून झडती,
मग सायकलवर टांग टाकून जेल रोड.
किती माणसं माझ्या अंगठ्याखालून परदेशी गेली,
देव जाणे.

माझा स्वतःचा आला तेव्हा
मी आधी पानं मोजली.
प्रफुल्ला म्हणाली, अहो, रिटायर झालात.

स्वित्झर्लंड. आठ रात्री, नऊ दिवस.
बसमध्ये भेंड्या, बर्फावर वडापाव,
आणि पुढे पराग नावाचा पोरगा, भगवी छत्री उंच धरून,
"वीस मिनिटं हं मंडळी, वीस मिनिटं."
वीस मिनिटांत तळं.
वीस मिनिटांत आख्खं गाव, खिडक्यांतल्या लाल फुलांसकट;
गाव असं, की कुणी नुकतंच घासून
फडक्यावर पालथं घातलंय.
माणूस एकच दिसला, भिंतीशी लाकडं रचत होता,
सगळी एका मापाची.
त्याच्याशी मला बोलायचं होतं. काय, ते सुचलं नाही.

चर्च उघडंच होतं.
मंडळी चॉकलेटच्या दुकानाकडे वळली, ही आत.
मागोमाग मी, कानटोपी काढून.
गारवा भिंतीतून पाझरत होता, आपल्या माठासारखा.
शरणपूरच्या आमच्या देवळात
बावीस वर्षं दर शनिवारी पितळ घासणारी ही बाई,
तिनं ना प्रार्थना केली, ना फोटो काढला.
मेणबत्त्यांच्या कट्ट्यावर वाळलेलं मेण दिसलं,
ते नखानं खरवडायला बसली.
"अगं, परक्याचं आहे."
"परक्याचं कसं?"
चौदा मिनिटं गेली त्यात.
बाहेर थडगी, थडग्यांपाशी झारी,
हिरवी, प्लॅस्टिकची, भद्रकालीत मिळते तशीच.
तिनं एका थडग्यावरच्या झाडाला पाणी घातलं.
नाव काही वाचता आलं नाही.
तिकडे छत्री हलायला लागली होती.

पाच महिने झाले आता.
लोक विचारतात, कसं होतं?
मी म्हणतो, स्वच्छ.

परवा मंगळवारी ही डबा भरून दारात उभी.
चला, इथलं बघू.
गिरणाऱ्यापर्यंत एसटी, पुढे जीपमध्ये कोंबून,
द्राक्षांच्या घडांना कागद बांधणाऱ्या बायका,
टोमॅटोची क्रेटं, धूळ,
लांबवर धरणाचं पाणी, पत्र्यासारखं पांढरं.
मी काळी छत्री उघडली, म्हटलं,
"वीस मिनिटं हं मंडळी."
ती हसली नाही. म्हणाली, मिटा ती.

पाड्यावरचं देऊळ पत्र्याचं, निळ्या रंगाचं,
दाराला कुलूप.
किल्ली ज्या पोरीकडे, ती बकऱ्यांमागे डोंगरात.
आम्ही पायरीवर बसलो.
भाकरी खाल्ली. एक कुत्रं आलं, बसलं, गेलं.
अंजनेरीची सावली एका शेतावरून दुसऱ्या शेतावर सरकली.
दोन तासांत एवढंच झालं,
आणि ते सगळं आम्ही पाहिलं.

पोरगी आली. एस्तेर नाव, गळ्यात किल्ली.
आत नागलीची पोती, एक बल्ब,
घंटेच्या जागी टांगलेला रुळाचा तुकडा.
मेणाचा थेंब नाही. प्रफुल्लाचे हात
नुसतेच बाकावरून फिरत राहिले.
"कुठून आले?"
"नाशिकहून."
"लांबून," पोरगी म्हणाली,
आणि तिनं कोनाड्यातून पाहुण्यांची वही काढली.
शाळेचीच, आखीव, जवळजवळ सगळी कोरी.
समासात तिनं आधीच नंबर घालून ठेवलेले,
शंभरापर्यंत असावेत.

बाराव्या नंबरापुढे मी लिहिलं:
शांतवन व प्रफुल्ला उमाप, जेल रोड.
सवयीनं अंगठा समासावरून वर सरकला.
अकरा दोनदा पडला होता.

मी वही मिटून तिच्या हातात दिली.