निमताना

बोपोडीतल्या घरी खुंटीला अजून ती साखळी आहे,
तेहतीस फुटी, सोळा आण्यांची, गंजानं जड.
नाना भूमापनात होते. जेवताना सांगायचे,
इकडून तिकडं जेवढं भरतं
तेवढंच तिकडून इकडं भरलं पाहिजे.
नाही भरलं तर साखळी ढिली, नाहीतर माणूस.

मी दीर्घिका मोजते.
औंध रोडनं सायकलवर वीस मिनिटं,
गणेशखिंडीत, वडांच्या मागं, एका गार खोलीत.
चाळीस लाख दीर्घिका. खरं तर त्यांच्या जोड्या:
कोण कुणापासून किती लांब, आणि असं किती वेळा.
खुंटी ठोकायला तिथं कुणी गेलेलं नाही.
उजेड येतो, तो किती लाल होऊन आला ते बघायचं,
त्यावरून अंतर लिहायचं.
त्या कागदाला नकाशा म्हणतात. पण तो
एकच सातबारा आहे, निरनिराळ्या युगांच्या नोंदींचा:
जवळच्याची त्या मानानं कालची,
लांबच्याची पृथ्वी नव्हती तेव्हाची,
आणि फेरफार सगळे अजून वाटेत.

डिसेंबरात मी जोड्या वेगळ्या काढल्या.
एक तेजस्वी, एक मंद.
तेजस्वीच्या अलीकडं मंद जास्त भरल्या, पलीकडं कमी.
थोड्याच.
पण दर वेळी त्याच बाजूला.

शाहिस्ता म्हणाली, बग असेल.
मग नावांच्या चिठ्ठ्या पिसल्या,
कुणालाही तेजस्वी म्हटलं, कुणालाही मंद,
रात्रभर चालवलं. सकाळी फरक गायब.
चिठ्ठ्या जागच्या जागी लावल्या. फरक हजर.
शाहिस्तानं चहा आणून ठेवला, बोलली काही नाही.

नाना मटार सोलत होते.
म्हटलं, जड असतं ते खोलात बसलेलं असतं.
तिथून निघालेला उजेड चढ चढतो,
चढताना त्याचं काही खर्ची पडतं,
तो जरा जास्त लाल पोचतो,
आणि आम्ही त्याला जरा लांबचा लिहितो.
जरा म्हणजे किती?
चार-पाच लाख प्रकाशवर्षं. आमच्याकडं याला केसभर म्हणतात.
त्यात तिथल्यांच्या धावपळीचा वाटा,
वाटेतल्या वजनांनी उजेड वाकवला त्याचा वाटा,
सगळ्या भाऊबंदांचं भांडण एका आकड्यात,
आणि आकड्याला शंकेची दांडी, त्याच्या निम्मी.
एवढ्यावर पेपर होत नाही.

मग आधी कसं नाही दिसलं?
आधी दोन्हीकडून मोजून सरासरी काढायचो, नाना.

त्यांचा हात थांबला.

पौडच्या वर एक रान होतं, म्हणाले, एकाहत्तर साली.
दोघा भावांचं, उतारावर.
वरून मोजलं तर चौदा साखळ्या,
खालून मोजलं तर चौदा साखळ्या दोन आणे.
चढावर साखळी आडवी धरायची असते.
ऊन होतं, पोऱ्या दमला होता. मीही.
चौदा साखळ्या एक आणा लिहिलं.
धाकट्यानं निमताना मागितला.
साहेब आले, झाडाखाली बसले,
माझाच आकडा कायम करून गेले.
ते दोघं परत बोलले नाहीत.

बराच वेळ नुसत्या शेंगा.

तुझ्या आभाळाचा निमताना कोण करतं?
दुसरी दुर्बीण, म्हटलं. पाच-सहा वर्षांनी.
तोवर दोन्ही आकडे लिहून ठेव.
मधला लिहू नकोस.

रात्री फाइलीत दोन स्तंभ केले.
एकाला नाव दिलं खोलातून, दुसऱ्याला खोलाकडं.
सोमवारी शाहिस्ता विचारणार, ही काय नावं झाली.