नावासकट

अडकित्ते मी सोळा जमवले. सतरावा
चोरीचा असावा असं वाटलं म्हणून सोडला.
पानाचे डबे, फिरकीचे तांबे, पंपाचा एक स्टोव्ह
ज्याची पिन माझ्या शिवणाच्या डब्यात राहते,
आणि काळा टेलिफोन. डायल सातवर अडकते.
मुलगा म्हणतो, कोथरूडात भंगाराला परवाना लागतो का विचार.
नंदा म्हणते, पितळ घासायचे पैसे वेगळे.
दोघांचंही बरोबर आहे.

रविवारी जुन्या बाजारात मी लवकर जाते,
मुनीरच्या ताडपत्रीपाशी उकिडवी बसते
गुडघा बोलेपर्यंत. तो मला ओळखतो:
ही बाई भाव नंतर विचारते,
आधी भांडं उलटं करते.
काठावर नाव असतं. खरं काय ते बुडावर.

गेल्या रविवारी मात्र काठाशीच अडले.
पितळी पातेलं, दोन शेराचं,
कानाखाली टिंबाटिंबांनी ठोकलेलं:
‘चि. सौ. कां. हेमलता हिस
ट्रंक खोलीच्या मैत्रिणींकडून
सप्रेम भेट. २१-५-७८.’

चष्मा काढून पुसला.
ट्रंक खोलीच्या मैत्रिणींत मी होते.

दोन-दोन रुपये वर्गणी. पद्मा खिरेने दीडच दिला,
आठ आण्यांची बाकी अजून उभी आहे.
तांबट आळीत मीच गेले होते, रात्रपाळी उतरून,
डोळ्यांत झोप, कानात हेडसेटचा वळ,
आणि आळीभर ठोके,
एका लयीत नाहीत, दहा लयींत.
नाव घालणारा म्हणाला, अक्षरामागे पैसे पडतील.
म्हणून ‘सर्व’ गाळलं
आणि ‘सप्रेम’ ठेवलं.
त्यावरही वाद झाला होता.

मुनीरने पातेलं काट्यावर टाकलं.
‘पावणेदोन किलो. मोडीच्या भावाने घ्या ताई,
नावाचे काही लावत नाही.
नको असेल तर घासून देतो, दहा मिनिटांत गुळगुळीत.’

राहू दे, म्हटलं.

रिक्षात मांडीवर घेऊन बसले, आणि मग राग आला.
असं विकतात? किलोवर?
लग्नानंतर ती मिरजेला गेली. दोन पत्रं आली,
मग नाही. तेव्हा मिरजेची लाइन लागायला
चार चार तास जायचे, आणि लागली की
आम्हीच मध्ये तोंड घालायचो:
तीन मिनिटं झाली, वाढवायची का?
स्वतःसाठी कुणी कॉल बुक केला नाही.
कुणी विकलं असेल? सुनेने? भाडेकरूने?
की तिच्या मागे…
पुढचा विचार लकडी पुलावर सोडून दिला.

घरी आल्यावर सवयीने उलटं केलं.

बुडाला तीन डाग.
म्हणजे तीनदा तळ गेला
आणि तीनदा कुणीतरी ते झाळायला नेलं.
एक कान मूळचा नाही.
आत कल्हईचे थर, पापुद्रे, पुन्हा थर.
नाव आपल्याकडे धरलं तर डावीकडे
काठ अंगठाभर झिजलाय,
ढवळून झाल्यावर पळी आपटतात तिथे.

हेमलता डावखुरी होती.
प्लग डाव्या हाताने खोचायची,
शेजारणीच्या दोरांत गुंता व्हायचा
आणि सुपरवायझर बाई नेमकं मलाच ओरडायच्या.

माळ्यावर नव्हतं तर. रुखवतातून उचलून
कपाटात कोंबलेलं नव्हतं.
रोज आगीवर होतं.
माझ्या सोळा अडकित्त्यांपैकी एकानेही
माझ्याकडे आल्यापासून
एक सुपारी फोडलेली नाही.

नंदाने चिंच भिजवली होती. म्हटलं,
बाहेरून नको घासूस, राहू दे काळं.

कल्हईवाला दोन दिवस शोधला.
मंगळवारी कल्हई झाली. फळीवर जागा होती,
स्टोव्ह थोडा सरकवला असता तर.
बुधवारी त्यात वरण केलं.
ढवळून झाल्यावर पळी आपटली, उजव्या काठावर.
आवाज बद्द आला.

मग हात बदलून पाहिला.