बटण नसलेला विस्तव

बत्तीस वर्षं पावणे एमआयडीसीत
मी वाफ सांभाळली.
सेकंड क्लास बॉयलर अटेंडंट. सर्टिफिकेट अजून भिंतीवर आहे,
देव्हाऱ्याच्या जरा खाली.
आता घणसोली गावात, तळमजला अधिक तीन,
एका घराचं पाणी तापवतो.

गच्चीवर सोलर, दोनशे लिटर.
मोरीत गॅसचा गिझर, पाइपलाइन आली तेव्हा थोरल्यानं बसवलेला.
आणि परसात, पत्र्याखाली, तांब्याचा बंब,
गुणाबायनं करावे गावाहून लग्नात आणलेला,
चोथा-करवंट्या खाणारा.

तिघं तीन दिशांना.
डिसेंबरात ढग आले की सोलर तोंड फिरवी,
गॅस महाग, बंबाजवळ धूर,
आणि बादल्या उचलायला हिची बोटं.
मिठागरात वाढलेली बोटं, आता वळत नाहीत.
म्हणून म्हटलं, जोडूया सगळे एका लायनीला.
ती म्हणाली, "यवरा पसारा कनाला? बादलीभर पान्याला?"

पहिल्या दिवशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उलटा बसला.
गरम पाणी गार नळीत मागे शिरलं
आणि तिसऱ्या मजल्यावर सामलबाबूंच्या
फ्लशमधून वाफ आली.
ते टॉवेलवर खाली धावले.
मी बाणाची खूण दोनदा पाहिली होती. तरीही.
साठीनंतर बाण दोन्हीकडे जातात.

सोलरचं सोपं असतं, ऊन गेलं की गप्प.
गॅसला नॉब आहे.
बंबाला बटण नाही.
एकदा पेटला की करवंटी संपेपर्यंत तो पेटलेला,
तुम्ही नळ बंद करा, झोपा, लग्नाला जा.
असल्या विस्तवाला कधी कोंडायचं नसतं,
हे मला शिकवलं ते दामाजी फोरमननं,
पुस्तकातून नव्हे, कान धरून.

बंब गच्चीवर चढवला, सोलरच्या टाकीहून कमरेइतका खाली.
तापलेलं पाणी आपणच वर जातं, गार आपणच उतरतं,
पंप नको, वीज नको.
टाकीच्या माथ्यावरून एक नळी उभी,
गार पाण्याच्या टाकीहूनही उंच,
तोंड उघडं, आकाशाकडे.
तिच्यावर व्हॉल्व्ह नाही.
तिच्यावर काहीच नाही.

एकदा रात्रपाळीत कुणीतरी सेफ्टी व्हॉल्व्ह
तारेनं बांधून ठेवला होता,
सारखा फुसफुसतो म्हणून.
मला कळलं ते काट्याकडे बघून नव्हे,
आवाज नव्हता म्हणून.
पक्कड घेऊन धावलो, हात पोळला,
डाग अजून घड्याळाखाली आहे.

साडेबारा टक्क्यांचा तुकडा मी विकला,
तिला न विचारता,
तेव्हा गुणाबाय सव्वा महिना बोलली नाही.
चहा वेळेवर. डबा वेळेवर.
घर कसं शांत चाललंय, असं मी लोकांना सांगत होतो.
ड्युटीवर असतो तर पक्कड घेऊन धावलो असतो.

आज पहाटे तापमापकात सतरा.
सोलरमध्ये कालचं कोमट उरलेलं,
त्याखाली बंब पेटवला, गॅसला हात लावला नाही.
सहाला मोरीचा नळ सोडला,
आधी गार, मग कोमट, मग एकदम
तिनं हात मागे घेतला आणि पुन्हा पुढे केला.
मनगटापर्यंत.
बराच वेळ.

शेजारचा भालचंद्र गच्चीवरून ओरडतोय,
काका, तुमची वरची नळी गळतेय, तोंड बंद करा.
राहू दे रे, म्हटलं.

खाली ही सुरू झालीय,
राखेबद्दल, माझ्या पसाऱ्याबद्दल,
मग हळूहळू त्या जमिनीबद्दल.
मी पान्हा खाली ठेवलाय.
ऐकतोय.