एक ते चार

दत्तवाडीत पिठाच्या गिरणीवर एक खोली आहे,
रविवारी तिथं कॅमेरा होतो.
होतो म्हणजे पूर्ण होत नाही, होत राहतो.

एक ते चार गिरणी बंद.
सेन्सर उघडायचा तो तेवढ्यातच,
कारण एरवी खालून ज्वारी चढते हवेत
आणि शर्वाणी म्हणते, एक कण बसला
तर आख्ख्या आभाळाला तीळ.

मी बावीस वर्षं भाड्याचे कॅमेरे वाहिले.
पेटी उचल, पेटी उतरव, पेटीवर बसू नको.
वाईला, भोरला, सासवडच्या माळावर
त्या परक्या लेकरांना
माझ्या छत्रीबाहेरचं ऊन लागू दिलं नाही.
चार स्क्रूंवर लाल लाख असायची :
उघडाल तर भरून द्याल.
आत काय आहे, मी विचारलं नाही.
विचारणाऱ्याची पेटी दुसऱ्या दिवशी
दुसऱ्याच्या खांद्यावर असायची.

इथं पहिल्याच रविवारी
यशोधननं कागद माझ्यापुढं सरकवले,
आतड्यांसकट सगळा नकाशा.
चूक दिसली तर पेनानं लिहा, म्हणाला.
मी पेन मागितलं नाही.
चहा मागितला.

हुजेफा रविवार पेठेतून स्क्रू आणतो,
पावती आणत नाही.
गव्हाणे भोसरीत रात्रपाळी संपली की
मालकाला सांगून, त्याच मशीनवर
ॲल्युमिनियमचं अंग कोरतात.
पहिलं अंग अर्ध्या मिलिमीटरनं हुकलं.
ते आता टेबलावर आहे,
त्याच्याखाली खोलीचं वीजबिल.

शर्वाणी कॉलेजात फिजिक्स शिकवते.
पहिलं चित्र, ती म्हणाली, झाकण लावून काढायचं.
झाकण लावून?
यंत्राला स्वतःचा काळोख असतो, काका.
तो कोरा नसतो, त्यात खरखर असते,
तापलं की वाढते.
तो आधी मोजून ठेवायचा
आणि मग प्रत्येक चित्रातून वजा करायचा.
त्या दिवशी मी बस सोडून दिली,
बिबवेवाडीपर्यंत चालत गेलो.

झाकण काढून जे पहिलं आलं, ते हिरवं आलं.
खिडकीत गिरणीवाला, हिरव्या मिशांचा.
हुजेफा हसता हसता जमिनीवर बसला.
दर चार घरांत हिरवी दोन असतात,
लाल एक, निळं एक;
ज्या घरात जो रंग नाही
तो शेजारी विचारून भरायचा.
अजून विचारायचं शिकवलेलं नाही त्याला,
शर्वाणी म्हणाली, आणि चष्मा पुसत बसली.

मूठ त्यांनी मधोमध काढली होती. दिसायला छान.
मी म्हणालो, नको. भिंग लागलं की नाक जड होतं,
मनगट रात्री बोलतं.
मूठ पुढं घ्या, दोन बोटं.
दोन बोटं म्हणजे किती?
मी हात पुढं धरला.
यशोधननं माझी बोटं मोजली, आणि लिहिलं : चौतीस.

हे सगळं उघड्यावर ठेवता, मी एकदा विचारलंच,
कुणी उचलून नेलं म्हणजे?
न्यावं की, गव्हाणे म्हणाले.
शेजारचा डबा तुमच्या आईनं
कधी रिकामा परत केला का?
साखर का होईना, घालायची.
तेवढाच नियम आहे,
वकिलाकडून लांबलचक लिहून घेतलाय.

मार्चमध्ये नांदेडहून डबा आला.
रेवती कंधारकर, लग्नांचं शूटिंग करते, डावखुरी.
माझी मूठ तिनं आरशात धरल्यासारखी उलटी केली होती,
आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात :
चौतीसऐवजी एकतीस, माझी बोटं लहान आहेत.

मी पेन मागितलं.
चौतीस खोडलं नाही. शेजारी एकतीस लिहिलं,
आकडा जरा वाकडा आला,
त्यावर फुंकर घालत होतो
तेवढ्यात चार वाजले, खाली पट्टा फिरला,
टेबल थरथरलं
आणि सगळे एकदम ओरडले,
झाकण, झाकण.