चार विसा आणि एक

बस मंगळवारी येते आणि शुक्रवारी.
मी मंगळवारी उतरले, एका रात्रीसाठी,
म्हणजे शुक्रवारपर्यंतची पाहुणी झाले
हे सोलांजबाईंना फाटकातच कळलं,
मला जेवताना,
त्यांनी हवेत तीन बोटं धरली तेव्हा.

दोर्दोन्य नदीपासून वर, चढावर घर.
दाराशी चिखलाचे बूट,
आत शेगडी, शेगडीशी म्हातारा कुत्रा
ज्याला माझ्याबद्दल काहीच म्हणायचं नव्हतं.

माझं फ्रेंच म्हणजे पुण्याच्या क्लासातली चाळीस वाक्यं.
स्टेशन कुठे आहे. सफरचंदं कितीला.
इथे स्टेशन नव्हतं
आणि सफरचंदं झाडाखाली सडून चालली होती.

सूपाचे दोन घास उरले तसे
फिर्मांनी ताटलीतच लाल वाइन ओतली,
गोल फिरवली, ताटली दोन्ही हातांनी उचलली
आणि असा भुरका मारला
की कुत्र्यानं एक डोळा उघडला.
बाई ओशाळल्या.
मला हायसं वाटलं.
पॅरिसात आठ दिवस काट्याचमच्यांच्या धाकात
ओठ मिटून जेवत होते मी.
मीही ताटली उचलली.
जन्मभराच्या आमटीचा सराव कामी आला.

मग टेबलावर जुनी वर्तमानपत्रं, त्यावर अक्रोडांचं पोतं.
मांडीवर फळकूट, हातात लाकडी हातोडी.
अक्रोड उभा धरायचा, एकच ठोका.
गर अख्खा निघाला तर या टोपलीत,
तुटला तर त्या, तेलाला.
माझे सगळे तेलाला.

वय विचारायचं वाक्य येत होतं, विचारलं.
कात्र-व्हँ-सेत, म्हणाल्या, मान वर न करता.
चार वीस सात.
क्लासात आम्ही हसायचो या आकड्यांना,
ऐंशीला सरळ ऐंशी का म्हणत नाहीत म्हणून.
आणि आता आठवली शिराळ्याच्या बाजारातली अंडीवाली,
'तीन इसा न् पाच' म्हणत पदराला पैसे बांधणारी,
शाळा न पाहिलेली, कधी न चुकलेली.
वीस म्हणजे हातापायांची सगळी बोटं,
एक अख्खं माणूस.
चार माणसं आणि वर सात बोटं,
एवढं जगणं माझ्यासमोर बसून
ठक् ठक् अक्रोड फोडत होतं.

मला दिलेल्या खोलीत, कपाटात,
एकाच मापाचे चार शर्ट, इस्त्री केलेले.
खिळ्याला सायकल-शर्यतीचं पदक.
हे कुणाचं, हे वाक्य माझ्या चाळिसात नव्हतं.
असतं तरी.

गुरुवारी धुकं उतरलं, कोंबड्यांची खुराडीसुद्धा दिसेना.
मी कुडकुडताना पाहून
बाईंनी त्यातलाच एक शर्ट आणला,
माझ्या अंगावर चढवला,
बाह्या दोनदा दुमडल्या,
एक पाऊल मागे सरून पाहिलं,
आणि लगबगीनं स्वयंपाकघरात गेल्या,
तिथे काहीही करपत नव्हतं तरी.
फिर्मां कुत्र्याला काहीतरी सांगत राहिले.
बराच वेळ.

शुक्रवारी सकाळी कापडी पिशवी.
अक्रोड एकेक करून आत, मोठ्यानं मोजत.
दुसऱ्या विशीपाशी बाई अडखळल्या.
फिर्मां म्हणाले त्रेचाळीस, त्या म्हणाल्या अडतीस,
मग पोत्यावरून, हातोडीवरून,
बहुधा कुठल्यातरी जुन्या लग्नावरूनही
अशी जुंपली
की मला एक शब्द कळला नाही
आणि सगळं कळलं.
खाली वळणावर बसचा हॉर्न.
उरलेले अक्रोड ओंजळीनं भरले, न मोजता.

शर्ट मी घडी करून पलंगावर ठेवला होता.
घडी नीट जमली नव्हती.

घरी येऊन मोजले.
चार विसा आणि एक.
विसा संपल्या, वाटून, खाऊन,
निम्मे अर्थात माझ्याच हातानं चुरा होऊन.
वरचा एक ठेवलाय फडताळात, मिठाच्या बरणीमागे.
अजून फोडलेला नाही.
माझा हात मला माहीत आहे,
तेलालाच जाईल.