प्रत

फोल्डिंग खात्यात सतरा वर्षं
मी चादरी उजेडावर धरल्या.
धागा तुटलेला, मोराची चोच हुकलेली,
तेलाचा ठिपका, की कोपऱ्यात खडूनं दोन.
दोन म्हणजे सेकंड. मंगळवार बाजारात निम्म्या भावानं.
ऊब तेवढीच.

म्हणून सिव्हिलचा नवा डॉक्टर
मल्लेशमचा कागद भरताना म्हणाला,
"पहिल्या प्रतीची लक्षणं आहेत,"
तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.
पोरगं पास झाल्यासारखं.

त्यानंच मग समजावलं. तिकडं जर्मनीत कुणी
वेड्यांच्या बोलण्याची निवड लावली,
दोन ढीग केले.
गोंधळणं, उदास होणं, उगाच हरखणं दुसऱ्या ढिगात,
ते कुणालाही होतं.
पहिल्यात मोजकंच.
पण त्यातलं एक जरी नक्की सापडलं तरी पुरे, म्हणाला.
आमच्याकडंही एकच डाग पुरायचा.

डॉक्टर मराठीत विचारायचा, मी तेलुगूत.
विचार बाहेरून कुणी घालतं का डोक्यात?
कांडी भरतात तसे भरतात.
अर्धा धागा विणून झाला की काढूनही घेतात.
मनातलं लोकांना कळतं?
पहाटेच्या भोंग्यावर सांगतात. साखर पेठ उठून बसते.
आवाज?
दोघांचे. माझ्याशी नाही बोलत.
माझ्याविषयी बोलतात आपसांत.
आता हा गप बसला. आता यानं नख खाल्लं.

प्रत्येक उत्तराला बरोबरची एक खूण.
शाळेत कधी इतक्या मिळाल्या नव्हत्या त्याला.
खाली माझी सही घेतली, दुभाषा म्हणून,
आणि कार्बनची निळी प्रत हातात दिली.

ते दोघं कुठल्या भाषेत बोलतात
असा रकाना नव्हता.
मी घरी विचारलं, तो कडक भाकरी आमटीत चुरत होता.
एक मराठीत, म्हणाला. शिकलेला वाटतो.
दुसरा आपल्यातला.
बोलायच्या आधी घसा खाकरतो.

मी घसा खाकरणार होतो. थांबलो.
दुपारभर तो स्टुलावर बसलेला, मध्ये,
आणि आम्ही दोघं त्याच्या डोक्यावरून :
हा म्हणतो की,
याला विचारा की,
हा हल्ली रात्री उठून दार बघतो.

दिवा घालवताना मी म्हणालो,
"मल्लेशम, तुला पाणी हवं का रे?"

त्यानं आधी मागं वळून पाहिलं.