च

नियमपुस्तिका इंग्रजीत आहे.
तिच्यात दोन क्रियापदं शेजारीशेजारी नांदतात:
एक म्हणतं, केलं तर बरं.
दुसरं म्हणतं, केलंच पाहिजे.
हा फरक स्पॅनिशमध्ये समजावताना
प्रशिक्षणाच्या पहिल्याच आठवड्यात
मास्तरांचे दोन खडू संपले, ग्रिसेल्दा सांगते.
माझ्या भाषेत असती पुस्तिका, तर एका ‘च’वर भागलं असतं.

कोमालापा, एल साल्वादोर.
समुद्र इतका जवळ, की मीठ हँगरच्या दारांना चाटत असतं.
रात्रीचे दोन. विमान पोट उघडून उभं,
आसनं काढून बाहेर मांडलेली,
लग्न उरकल्यावर मांडवात खुर्च्या उरतात तशी.

शेपटीच्या पोकळीत, दातांत टॉर्च धरून, दोरोतेओ.
सव्वीस वर्षं झाली.
ग्रिसेल्दाला पाना धरायला शिकवला त्यानेच,
आणि कधी खाली ठेवायचा, तेही.
पात्याचा दांडा जोडतोय तो:
बोल्ट, वॉशर, नट,
आणि नटाच्या भोकातून आरपार
बोटाच्या पेराएवढी एक कॉटर पिन.
खालच्या टपरीवरच्या एका पुपुसाहून स्वस्त.

पुस्तिका म्हणते, ज्याने काम केलं
त्याने ते तपासायचं नाही.

“झालं,” म्हणत तो शिडी उतरतो
आणि दोन्ही हात खिशात घालतो.
हे कुठल्याच नियमात नाही, ही त्याची रीत.
हात दिसले, की तपासणारा हातांकडेच बघतो, म्हणतो.

ती चढते. आरसा, टॉर्च.
बोल्ट.
वॉशर.
नट.
भोक.
भोकातून पलीकडचा उजेड.

ती आरसा पुसते, पुन्हा बघते.
चौदा वर्षांत त्याच्या कामात
तिला पुसायला काही सापडलं नव्हतं.
पिन तिथेच आहे, ट्रेमध्ये, त्याच्या चिंधीखाली.
बसवायला चार सेकंद.
खाली कुणी कॉफीचा थर्मास उघडतंय, कुणी वर बघत नाहीये.
आणि ते पहिलं क्रियापद
तिच्या कानाशी डासासारखं.

“दोरोतेओ.”

तो मान वर करतो.
तिचा चेहरा वाचायला त्याला डोळे बारीक करावे लागतात,
आणि तेवढ्यात दोघांनाही कळतं,
पिनेबद्दल नव्हे.

“लिही,” तो म्हणतो.
“आधी बसवून घ्या, मग—”
“लिहायचंच. माझं नाव घाल. वेळ घाल.”

तिने लिहिलं. दोन वाजून सतरा मिनिटं.
मग त्याने पिन बसवली, टोकं वाकवली, खाली उतरला.
मग ती पुन्हा चढली. पुन्हा बोल्ट, वॉशर, नट.
जांभळ्या शाईचा शिक्का जरा तिरका उमटला.

वर्षातून एकदा सरकारी तपासनीस येतो,
चश्मा कपाळावर, बोट कागदावर.
त्या ओळीशी बोट थांबलं.
“इथे काय झालं?”
“राहिलं होतं. सापडलं. केलं. परत बघितलं.”
त्याने पान उलटलं.

नवी पोरं म्हणतात, कागदाने काय विमान उडतं?
दोरोतेओ म्हणायचा, कागद नसेल
तर ती धान्याची कोठी आहे, पंख लावलेली.

विमान गुरुवारी मिनिआपोलिसला गेलं.
तिथे म्हणे बर्फ होता. आणखी काही बातमी नाही.

दोरोतेओ आता हत्यारांच्या खोलीत असतो,
जाळीच्या खिडकीमागे, जाड भिंगांचा.
फळीवर प्रत्येक पान्याची काळी आकृती रंगवलेली;
पाळी संपल्यावर एक जरी आकृती रिकामी राहिली
तरी कुणी घरी जायचं नाही, विमानानेही नाही.

ग्रिसेल्दा टॉर्च आणि आरसा परत करते.
तो क्रमांक बघतो. परत बघतो.
आरशाचा दांडा उघडून, मिटून बघतो.
मागे रांग लागली आहे, कुणी चुकचुकतं,
बस सुटायला आली आहे.
ती काही बोलत नाही.
हात खिशात घालून उभी राहते.